पाळी आणायची गोळी

सांगलीत गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात औषधांच्या दुकानांत एक वेगळी गर्दी असते. तापाची-खोकल्याची नेहमीची असतेच. तिच्यात काही बायका आपला नंबर आला तरी मागंच रेंगाळतात आणि पुरुष गिऱ्हाईक पांगलं की काउंटरवर झुकून हळू आवाजात बोलतात. विश्रामबागेतल्या अशाच एका दुकानात पन्नाशीच्या एक बाई म्हणाल्या, "पुढं ढकलायच्या गोळ्या द्या. सुनंची तारीख नेमकी गौरी जेवायच्या दिवशी येतीया." दुकानदारानं दोन पाकिटं काढली. एक अख्खं दिलं, दुसऱ्यातल्या पाच गोळ्या कात्रीनं कापल्या आणि पुडीवर पेनानं तीन रेघा मारल्या: सकाळ, दुपार, रात्र. त्या गेल्या. त्यांच्या मागं उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईंसोबत शाळेच्या गणवेशातली मुलगी होती, पाठीला दप्तर. "हिची तीन महिनं झालं आली न्हाई. आणायची गोळी द्या, दादा." "कितवीला?" "नववीला." दुकानदारानं काउंटरवर पडलेलं तेच उरलेलं अर्धं पाकीट उचलून त्यांच्यापुढं ठेवलं. रोज एक, पाच दिवस. चिठ्ठी दोघींकडंही नव्हती, मागितलीही कुणी नाही. सुटे पैसे घेताना बाईंनी विचारलं, "पुढं काय अडचण येनार न्हाई न्हवं? पोरंबाळं व्हायला?" "नाही हो मावशी," दुकानदार नाणी मोजत म्हणाला. मुलगी तेवढा वेळ शांपूच्या लोंबणाऱ्या पुड्यांकडं बघत होती.

एकीची पाळी थांबवायला आणि दुसरीची आणायला एकाच पाकिटातली गोळी. हे डोक्यातून जात नाही.

गोळी नॉरएथिस्टेरॉनची, ५ मिलिग्रॅमची. बीजकोशातून बीज बाहेर पडल्यावर शरीर स्वतःच प्रोजेस्टेरॉन बनवतं. ही त्याच जातीची, कारखान्यात बनलेली. ती पोटात जातेय तोवर गर्भपिशवीचं आतलं अस्तर जागच्या जागी राहतं. बंद केली की दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्याभरात ते सुटून येतं. म्हणून सणासाठी ती तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करून सण उरकेपर्यंत घ्यायची, आणि अडलेल्या पाळीसाठी मोजके दिवस घेऊन मुद्दाम थांबवायची. दोन्हीकडं रक्त येतं ते गोळी थांबल्यामुळं. नववीतल्या त्या मुलीलाही आठवड्याभरात रक्तस्राव झाला असेल, आईला हायसं वाटलं असेल, आणि तीन महिने पाळी का आली नव्हती हा प्रश्न होता तिथंच राहिला असेल. डॉक्टरही ही गोळी देतात, किंवा मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनची १० मिलिग्रॅमची पाच ते दहा दिवस देतात. फरक एवढाच की ते आधी गर्भ नाही ना हे तपासतात, रक्तात गुठळी होण्याचा घरात कुणाला त्रास आहे का हे विचारतात, आणि नंतर रक्त आलं की नाही याची नोंद ठेवतात. ते रक्त येणं हीच एक तपासणी आहे. आलं, म्हणजे शरीरात इस्ट्रोजेन पुरेसं आहे, अस्तर वाढलेलं होतं, आणि बाहेर यायची वाट मोकळी आहे. काउंटरवरून घेतलेल्या गोळीनं हेच रक्त येतं, पण ते कुणी वाचत नाही.

पहिली पाळी आली की आजी ओटी भरते, गोडाचा शिरा होतो आणि घरच्यांच्या लेखी विषय मिटतो: आता दर महिन्याला. शरीराच्या लेखी तेव्हा काम नुकतं सुरू झालेलं असतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसनं ठरावीक अंतरानं इशारे द्यायचे, त्यावर पिट्युटरी ग्रंथीनं एफएसएच आणि एलएच ही संप्रेरकं सोडायची, बीजकोशातल्या एका फॉलिकलनं, म्हणजे बीज ज्यात वाढतं त्या इवल्या पिशवीनं, वाढत-वाढत इस्ट्रोजेन बनवायचं, आणि ते पुरेसं चढून दोनेक दिवस टिकलं की पिट्युटरीनं एलएचची एकदम मोठी लाट सोडायची. त्या लाटेनं बीज सुटतं. यातली ही शेवटची पायरी सगळ्यांत उशिरा जमते. नव्या मुलीत इस्ट्रोजेन बनतं, अस्तर जाड होत जातं, पण लाट येत नाही, बीज सुटत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉनही बनत नाही. प्रोजेस्टेरॉनशिवाय वाढलेलं अस्तर म्हणजे सारवण न केलेली मातीची भिंत. उंच होते, पण धरून राहत नाही, आणि मग आज इथून, उद्या तिथून ढासळते. म्हणून दोन-अडीच महिने काहीच नाही, आणि आली की दहा-दहा दिवस थांबायचं नाव नाही. एकदा बीज सुटायला लागलं की त्यापुढचे सुमारे १४ दिवस बऱ्यापैकी ठरलेले असतात. मागंपुढं होतं ते त्याच्या आधीच्या टप्प्यात. ही घडी बसायला बहुतेक मुलींना दोन-तीन वर्षं लागतात, काहींना आणखी जास्त, आणि पहिली पाळी जितकी उशिरा येते तितका हा काळ लांबतो.

इकडच्या प्रत्येक स्वयंपाकघरात खिळ्याला कालनिर्णय लटकलेलं असतं. दुधाचे खाडे, गॅसची टाकी लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, टोळीच्या मुकादमाला दिलेली उचल, सगळं त्यावर. तासगाव-पलूसकडच्या कुठल्याही घरात म्हैस भरवल्याची तारीखही त्यावर ठळक फुली मारून लिहिलेली सापडेल, आणि २१ दिवसांनी ती पुन्हा माजावर आली का यावर घरातल्या शाळकरी पोराचंसुद्धा लक्ष असतं. लेकीची तारीख मात्र त्या कागदावर नसते. असलीच तर तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं, कुणाला कळणार नाही अशा खुणेत. डॉक्टरांनी "शेवटची पाळी कधी?" विचारलं की आई म्हणते "बेंदराच्या आसपास", मुलगी म्हणते "घटक चाचणी चालू होती तेव्हा", आणि तिथून पुढचं सगळं निदान अंदाजावर चालतं.

मोजायचं कसं यातही गफलत होते. पाळी सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून पुढची सुरू होण्याच्या पहिल्या दिवसापर्यंत, एवढंच अंतर मोजायचं; संपल्यापासून मोजायचं नाही. गेल्या महिन्यात ५ तारखेला आली आणि त्याच महिन्याच्या ३० ला पुन्हा, की "महिन्यात दोनदा आली" म्हणून घाबरगुंडी उडते. ते २५ दिवस झाले, ठीक आहे. ५ जूननंतर थेट १२ जुलैला आली, तर ३७ दिवस. पहिली पाळी येऊन दीड वर्ष झालेल्या मुलीला तेही ठीकच. पहिल्या वर्षात अंतर कसंही असू शकतं. एक ते तीन वर्षांच्या काळात २१ ते ४५ दिवस चालतात, तीन वर्षांनंतर २१ ते ३५. पहिलं वर्ष उलटल्यावर कधीही एकदा जरी ९० दिवसांहून जास्त खंड पडला, तर दाखवायचं. वर्षाला आठहून कमी पाळ्या, पहिली पाळी येऊन तीन वर्षं झाल्यावरही, तर दाखवायचं. आणि पंधरा पूर्ण झाली तरी पहिलीच आली नाही, किंवा छाती भरायला लागून तीन वर्षं लोटली तरी आली नाही, तर वाट बघायची नाही. म्हणजे नववीतल्या त्या मुलीच्या तीन महिन्यांचा अर्थ तिची पहिली पाळी कधी आली होती यावर ठरतो. गेल्या दिवाळीत आली असेल तर गोष्ट वेगळी, सहावीत आली असेल तर वेगळी. दुकानदारानं कितवीला आहे ते विचारलं. पहिली पाळी कधी आली, हे विचारायला हवं होतं.

कॅलेंडरवर लिहायचं नसेल तर वहीत लिहावं, मोबाईलमध्ये लिहावं, पण चार गोष्टी लिहाव्यात: सुरू झाल्याची तारीख, किती दिवस राहिली, सर्वांत जास्त जाणाऱ्या दिवशी किती पॅड किंवा कापडं भिजली, आणि शाळा बुडावी इतकं पोट दुखलं का. सहा महिन्यांची अशी नोंद असली की निम्म्या तपासण्यांची गरजच उरत नाही.

आता बाईंचा प्रश्न. पोरंबाळं व्हायला अडचण येईल का?

हा प्रश्न विचारणाऱ्या आईच्या मागं अजून न ठरलेल्या जावयाचं अख्खं घर उभं असतं. तिला दोष देता येत नाही. लग्नानंतर दोन दिवाळ्या गेल्या आणि पाळणा हलला नाही, की हळदी-कुंकवाला बसल्या-बसल्या कुणी काय बोलतं हे तिनं स्वतः नाहीतर बहिणीबद्दल ऐकलेलं असतं. गावात कुणाची तरी मुलगी "पीसीओडीची" म्हणून स्थळ फिरल्याची गोष्टही तिच्या कानावर असते. त्यामुळं चौदा वर्षांच्या मुलीच्या दोन चुकलेल्या तारखांत तिला चोविसाव्या वर्षीचं संकट दिसतं. वाईट याचं वाटतं की या घाईत आजची मुलगी बाजूला पडते. तिच्या अंगातलं रक्त किती आहे, ती शेवटच्या बाकावर का बसते, हे विचारायच्या आधीच दहा वर्षांनंतरचं विचारून झालेलं असतं.

तरी प्रश्नाला सरळ उत्तर आहे. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत १० ते २० लाख बीजं असतात. वयात येताना त्यातली ३ ते ५ लाख उरतात आणि आयुष्यभरात प्रत्यक्ष सुटतात ती जेमतेम ४०० ते ५००. चौदाव्या वर्षी चार महिने बीज सुटलं नाही म्हणून त्या साठ्याला काही होत नाही. "अडलेलं रक्त आत साठतं आणि पिशवी खराब होते" हेही खरं नाही. अस्तर सुटलंच नाही तर साठायला रक्त कुठून येणार? (याला एक अपवाद आहे: पाळी कधीच आली नाही, पण दर महिन्याला ओटीपोटात ठरावीक दिवशी जोरात दुखतं, तेव्हा बाहेरची वाट जन्मतः बंद असू शकते आणि रक्त खरोखर मागं साठतं. छोट्या शस्त्रक्रियेनं बहुधा सुटणारी गोष्ट, पण लवकर कळायला हवी.) मूल होण्यावर खरा परिणाम करणाऱ्या ज्या थोड्या अवस्था आहेत, त्यांचं लक्षण बहुतेक वेळा "मागंपुढं येते" असं नसतं, "आलीच नाही" किंवा "येत होती ती पूर्ण बंद झाली" असं असतं. जन्मतः गर्भपिशवी नसणं सुमारे साडेचार-पाच हजार मुलींत एखादीला. टर्नर सिंड्रोम, म्हणजे जन्मतः एका एक्स गुणसूत्राची उणीव, दोन-अडीच हजारांत एखादीला. त्यात उंचीही खुंटलेली असते. बीजकोशांचं काम अकाली थांबणं, जे वयाच्या विशीपर्यंत दहा हजारांत एखादीला होतं. आणि आपल्याकडं विसरून चालणार नाही असा गर्भपिशवीचा क्षयरोग. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर डॉक्टरांना न विचारता सांगावं. ज्या मुलीची पाळी उशिरा का होईना येते, तिच्या बाबतीत यातलं बहुतेक काही संभवत नाही.

राहिला पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, ज्याला सगळे पीसीओडी म्हणतात. यात बीज सुटायचं प्रमाण कमी होतं, पण साठा संपत नाही, उलट फॉलिकल जास्तच असतात. अशा बहुतेक बायकांना मुलं होतात. काहींना आपोआप होतात, काहींना बीज सुटण्यासाठी पाळीच्या सुरुवातीचे पाच दिवस लेट्रोझोलसारखी गोळी घ्यावी लागते, थोडा वेळ जास्त लागतो. हे सगळं मूल हवं असेल तेव्हाचं. नववीत त्यातलं काहीच करायचं नसतं. "लग्न उरकून टाका, आपोआप नीट होईल" हा सल्ला अजूनही ऐकू येतो, कधी पांढऱ्या कोटातल्या माणसाकडूनसुद्धा. लग्नानं संप्रेरकं बदलत नाहीत. अठराच्या आतलं लग्न तर कायद्यानंही चालत नाही आणि त्या वयातलं बाळंतपण अनियमित पाळीपेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं. आणखी एक, घरात सहसा न बोललं जाणारं: पाळी अनियमित आहे म्हणून गर्भ राहणार नाही, असं नसतं. डॉक्टर लघवीची तपासणी करून घेतात तेव्हा त्यात मुलीचा अपमान नसतो.

सांगली-मिरजेच्या रस्त्यावर सोनोग्राफी सेंटरं भरपूर. मिरज तर कर्नाटकातनं माणसं उपचाराला येतात असं गाव. त्यामुळं "एकदा फोटो काढून घेऊ" हे सोपं पडतं. मुलीला लिटरभर पाणी पाजायचं, लघवी तुंबवून तासभर बाकावर बसवायचं, पोटावर गार जेल लावून पडद्यावर बघायचं, आणि कागद येतो: दोन्ही बीजकोशांत अनेक लहान फॉलिकल, पीसीओडीची शक्यता. आई तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवते आणि घरात त्या दिवसापासून मुलीला "गाठी आहेत" असं होतं. त्या गाठी नसतात. दोन ते नऊ मिलिमीटरची, बीज पोटात घेऊन बसलेली ती फॉलिकल. वाढत्या वयात बऱ्याच निरोगी मुलींच्या बीजकोशांत अशी दाटी दिसते. म्हणूनच २०१८ ची आणि पुन्हा २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की पहिली पाळी येऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीच्या आधारे पीसीओएसचं निदान करू नये. बाराव्या वर्षी पाळी आली असेल, तर विसाव्या वर्षापर्यंत. बीजांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या एएमएच या रक्ततपासणीवरूनही नाही. लॅबवाले ती "पीसीओडी पॅकेज"मध्ये घालून विकतात तो भाग वेगळा. सोनोग्राफीला जागा आहे: पाळी आलीच नसेल, पोटात गोळा लागत असेल, एका बाजूला अचानक जोरात दुखत असेल तेव्हा. नुसती तारीख चुकली म्हणून नको.

किशोरवयात निदानाला दोन गोष्टी लागतात आणि दोन्ही लागतात. वयाच्या हिशेबानं अनियमित ठरणारी पाळी, आणि पुरुषी संप्रेरकं वाढल्याच्या खुणा: हनुवटी, वरचा ओठ, छाती, बेंबीखाली राठ काळे केस, नेहमीच्या मलमांना न जुमानणारी मुरमं, किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन. इथं एक व्यवहारातली अडचण येते. डॉक्टरकडं जायचं म्हणून आदल्या दिवशी मुलीला पार्लरमध्ये नेतात, थ्रेडिंग-वॅक्सिंग होतं, आणि जे बघायचं तेच पुसलं जातं. तीन-चार आठवडे काही करू नये. मानेचंही तसंच. मानेच्या मागं, काखेत काळपट, जाडसर, हाताला मऊ लागणारी कातडी दिसली की आया ती डाळीचं पीठ आणि लिंबू लावून, वज्रीनं घासून काढायला बघतात. तो मळ नसतो, घासून जात नाही, उलट जास्त काळवंडतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असते, आणि शंभर सोनोग्राफींपेक्षा ती कातडी जास्त काही सांगते. रक्ताच्या तपासण्याही थोड्याच लागतात: हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, साखर. थायरॉइड मंद असेल तर पाळी लांबते, कधी जास्त जाते, आणि एका गोळीनं सुधारते. ते न बघता पीसीओडीचा शिक्का मारून वर्षं गेलेल्या मुली असतात.

निदान पक्कं नसेल तर "सध्या शक्यता आहे, पुन्हा बघू" एवढंच लिहायचं, आणि खरोखर पुन्हा बघायचं. लक्षणांवर उपचार तोवर करता येतात. त्यातला सगळ्यांत अडचणीचा क्षण येतो तो पाकिटावर "गर्भनिरोधक" असं वाचल्यावर. लग्नाआधी पोरीला ही गोळी? बापाला काय सांगायचं? गोळीतलं इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन अस्तर ताब्यात ठेवतं आणि पुरुषी संप्रेरकं खाली आणतं, म्हणून ती देतात. बंद केल्यावर मूल व्हायची क्षमता परत येते, पुढच्या मुलांवर परिणाम होत नाही. अर्धशिशीत डोळ्यांपुढं चमकणाऱ्या रेघा येत असतील, रक्तदाब जास्त असेल, घरात गुठळीचा इतिहास असेल तर ती चालत नाही, हे मात्र आधी सांगायला हवं. ज्यांना ही गोळी नको, त्यांना निदान दर तीन महिन्यांत एकदा अस्तर साफ होईल अशी प्रोजेस्टेरॉनची गोळी, तीही वेळापत्रकानं. वजन जास्त असेल तर पाच टक्के कमी झालं तरी फरक दिसतो, ६० किलोच्या मुलीला तीन किलो. उपाशी ठेवून नाही. क्लासवरून आल्यावर रोजचा वडापाव आणि बिस्किटाचा पुडा थांबवून, आणि तासभर खेळून. सडपातळ मुलींनाही पीसीओएस असतो, त्यांना वजन कमी करायला सांगणं निरर्थक.

पाळी न आल्याची काळजी घरोघरी होते, जास्त जाण्याची होत नाही. "आमच्यात सगळ्यांनाच असं जातं" म्हणून ती मुलगी दोन-दोन पॅड एकावर एक लावून शाळेत जाते, गडद रंगाची सलवार घालते, मधल्या सुट्टीत जागेवरून उठत नाही. दर एक-दोन तासांनी पॅड भिजत असेल, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गुठळ्या पडत असतील, सातव्या दिवसानंतरही चालू असेल, तर ते जास्त आहे. पहिल्याच पाळीपासून असं असेल, आणि नाकातून रक्त येणं, ब्रश करताना हिरड्यांतून येणं, जरा लागलं की काळं-निळं पडणं हेही असेल, तर रक्त गोठण्यातच दोष असू शकतो आणि ती तपासणी मागून घ्यावी. चक्कर, धाप, छातीत धडधड असेल तर त्याच दिवशी दवाखाना. किशोरवयीन मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते, ६० मिलिग्रॅम लोहाची, आणि सहा महिन्यांनी जंताची एक. निळी गोळी बऱ्याच मुली पोटात मळमळतं, शी काळी होते म्हणून कंपासपेटीत टाकतात. काळी होणारच, त्यात वाईट काही नाही; जेवणानंतर घ्यावी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर उत्तम, आणि आधी-नंतर तासभर चहा नाही. ही शेवटची अट आपल्याकडं सगळ्यांत अवघड.

आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांचे बॉयलर पेटले की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्यासोबत बारा-चौदा वर्षांच्या मुलीही. त्यांची शाळा सुटते, शाळेबरोबर निळी गोळीही सुटते. फडाच्या कडेला कोपी, पाणी लांब, आडोसा नाही, पहाटे चारला आईबरोबर मोळ्या बांधायला. त्यांच्या आयांपैकी कितीतरींच्या गर्भपिशव्या ऐन तिशीत काढल्या गेल्या, त्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. पांढरं जातंय, जास्त जातंय, अशा साध्या तक्रारींवरून "पिशवी काढून टाका, कटकट नको" इथपर्यंत प्रवास तिथं फार लवकर होतो. पाळी म्हणजे बंद पाडायची नाहीतर आणायची गोष्ट, तिचं ऐकून घ्यायची नाही, हा एकच विचार विश्रामबागेतल्या काउंटरपासून फडापर्यंत पोचलेला दिसतो.

घरगुती उपायांबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. पपई, तीळ, ओवा, गूळ खाल्ल्यानं बीज सुटत नाही. खाल्ले म्हणून बिघडतही नाही, दुखत असेल तर ओव्याचं गरम पाणी बरंच वाटतं. गाठोडं बांधून येणाऱ्या वैदूच्या काळ्या पुड्या मात्र नकोत, त्यांत काय असतं कुणालाच ठाऊक नसतं.

मुलीला पाच मिनिटं एकटीला बोलू दिलं तर ती मुलंबाळं विचारत नाही. ती विचारते, दहावीच्या पेपरला आली तर काय करू. किंवा, धावायचं बंद करावं लागेल का. हा दुसरा प्रश्न सातारा-सांगलीत वाढतोय. माणच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, ते बघत मोठ्या झालेल्या मुली आहेत. पोलिस भरतीचे आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक डोक्यात ठेवून अकॅडमीत राहणाऱ्या त्याहून कितीतरी जास्त. पहाटे पाचला मैदान, उपाशीपोटी, आठला चहा-बिस्किट, दुपारी मेसची पातळ आमटी, संध्याकाळी पुन्हा मैदान. तीन-चार महिन्यांत काहींची पाळी बंद होते आणि सगळ्यांना ते सोयीचं वाटतं, मुलीलासुद्धा. खर्च होणारी ताकद आणि पोटात जाणारं अन्न यांचा मेळ बसला नाही की हायपोथॅलॅमस इशारे मंद करतो. हा प्रकार पीसीओएसच्या उलटा: इथं इस्ट्रोजेनच कमी पडतं, हाडं ठिसूळ होतात, नडगीत बारीक चिरा पडतात, आणि पाळी आणायची गोळी घेऊनही बहुधा रक्त येत नाही, कारण अस्तरच वाढलेलं नसतं. धावणं बंद करायचं नाही. मैदानावर जायच्या आधी एक केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू, परत आल्यावर तासाभराच्या आत दोन भाकऱ्या, उसळ आणि अंडं किंवा वाटीभर दही, दुपारी-रात्री पोटभर, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. उतरलेलं वजन दोन-तीन किलोनं परत चढलं की बऱ्याच जणींची पाळी आपसूक येते, जरी त्याला काही महिने लागले तरी. नडगी दुखत असेल तर ते मिटेपर्यंत फक्त चालायचं, आणि तीन महिन्यांत पाळी आली नाही तर अकॅडमीच्या सरांना न विचारता आईला सांगून डॉक्टरकडं जायचं.